काळा : एका रंगशब्दाचे अर्थ आणि व्यवहार

मराठीतील रंगवाचक विशेषणांमध्ये ‘काळा’ या शब्दाइतका दूरवर पसरलेला आणि परस्परांना छेद देणाऱ्या अर्थांना एकाच वेळी थारा देणारा दुसरा शब्द सापडणे कठीण आहे. शेतकरी ज्या जमिनीला आई म्हणतो ती काळी, सौभाग्याचे लेणे म्हणून जे मणी गळ्यात घातले जातात ते काळे, पंढरपूरला विटेवर उभे असलेले दैवत काळे. आणि त्याच भाषेत साठेबाजाचा बाजार काळा, करचुकव्याचा पैसा काळा, निषेधाचा झेंडा काळा आणि बेअब्रू झालेल्या माणसाचे तोंडही काळे. एकाच विशेषणाने आदर आणि धिक्कार ही दोन्ही टोके कशी पेलली, हा प्रश्न प्रस्तुत पुस्तकाच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर रंगापेक्षा तो रंग ज्या जागी बसला आहे त्या जागेत अधिक सापडते, म्हणजे आपल्या ठिकाणी असलेले काळेपण मराठी माणूस वाखाणतो आणि नको तेथे लागलेले काळेपण त्याला खुपते, असे येथील प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन सर्वत्र सारखे लागू पडत नाही; जेथे ते अडते तेथेच शब्दाचा इतिहास अधिक बोलका होतो, आणि अशा जागा या प्रस्तावनेत मुद्दाम दाखवून दिल्या आहेत.

रंगशब्दांच्या अभ्यासाला विसाव्या शतकात जी दिशा मिळाली ती प्रामुख्याने बर्लिन आणि के या दोन अमेरिकी अभ्यासकांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. अनेक भाषांची तुलना करून त्यांनी असे मांडले की, ज्या भाषेत मूलभूत रंगशब्द दोनच असतात तेथे ते काळा आणि पांढरा हेच असतात, तिसरा आला तर तो तांबडा असतो आणि हिरवा, पिवळा, निळा हे त्यामागून येतात. या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. तथापि काळा-पांढरा ही जोडी भाषेच्या पायातच असते, ही त्यातील गोष्ट टिकून राहिली. इंग्रजी ‘ब्लॅक’चे मूळ अभ्यासक जळण्याच्या क्रियेशी जोडतात, म्हणजे तो शब्द जळून गेलेल्या वस्तूच्या रंगावरून आलेला असावा, मराठी ‘काळा’चा प्रवास मात्र संस्कृत ‘काल’ या रंगवाचक शब्दापासून सरळ चालत आला असून, दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होणे या मराठीच्या ठळक ध्वनिनियमाचा तो नमुनेदार दाखला आहे.

संस्कृतात ‘काल’ हाच ध्वनी वेळेलाही लागतो, आणि त्यातून मराठीत ‘काळ’ हे समय आणि मृत्यू या दोन्ही अर्थांचे नाम आले. त्यामुळे काळा रंग म्हणजे मृत्यूचा रंग आणि म्हणून अशुभ, अशी सांगड घालण्याचा मोह लोकव्युत्पत्तीला, म्हणजे ध्वनिसाम्यावरून अर्थ जुळवण्याच्या प्रवृत्तीला, नेहमीच होतो. पाणिनीने मात्र रंग सांगायचा असेल तेव्हाच ‘काल’ शब्दाचे स्त्रीलिंगी रूप ‘काली’ होते, एरवी होत नाही, असा भेद नोंदवलेला आहे, यावरून रंगाचा काल आणि इतर अर्थांचा काल यांना व्याकरणकार वेगळे ओळखत होते हे दिसते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीतील काळाला रंग नाही. तसेच ‘काळीज’ या शब्दाचा काळ्या रंगाशी बादरायण संबंध जोडण्याआधी यकृतवाचक ‘कालेय’ या जुन्या शब्दाकडे पाहिलेले बरे. ध्वनीने शेजारी आलेल्या या शब्दांची सरमिसळ झाल्यामुळे ‘काळा’च्या माथी कितीतरी अमंगळ विनाकारण मारले गेले आहे, आणि ते बाजूला काढणे हे कोशकाराचे पहिले काम ठरते.

दुसरे काम रंगाच्या सीमा आखण्याचे. आजच्या शहरी वाचकाला काळा आणि निळा हे सुटे रंग वाटतात. जुन्या मराठीला मात्र या दोहोंमधली रेषा इतकी पक्की दिसत नव्हती. पावसाळी ढग काळा आणि निळाही, विठ्ठल काळा, सावळा आणि घननीळही, आणि मार लागून अंग सुजले की ते ‘काळेनिळे’ पडते. संक्रांतीला नव्या सुनेने नेसायची चंद्रकळा काळी म्हणूनच ओळखली जाते, पण गर्द निळीत बुडवलेल्या लुगड्यालाही जुन्या बायका तेच नाव देत. तिकडे पिकलेले करवंद नीट पाहिले तर गर्द जांभळे असते, तरी त्याला काळेच म्हणतात, कारण ‘जांभळा’ हा शब्दच मुळी एका फळावरून आलेला आणि तुलनेने उशिरा रंगाच्या यादीत बसलेला आहे. म्हणून जुन्या लेखनात ‘काळा’ आढळला की तेथे गडदपणा, म्हणजे प्रकाश गिळून टाकणारी छटा, एवढाच अर्थ आधी धरावा आणि नेमका रंग संदर्भावरून ठरवावा.

या शब्दाचा सर्वांत भरीव, आणि दुर्दैवाने शहरी पिढ्यांच्या कानांवरून जवळजवळ पुसला गेलेला अर्थ जमिनीचा आहे. देशावरच्या गावाची रचना ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशा दोन भागांत सांगितली जाई. काळी म्हणजे गावाची कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, ज्याला सरकारी भाषेत गावठाण म्हणतात. गावाच्या वतनदारीचे, हक्कांचे आणि वादांचे जुने कागद काळी आणि पांढरी या दोन शब्दांवर उभे आहेत, आणि मोल्सवर्थच्या कोशातही (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ही जोडी शेत व वस्ती अशा परस्परविरोधी अर्थांनी नोंदलेली आहे. या विभागणीला मातीचाच आधार होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले, तो बेसाल्ट खडक झिजून कपाशीची काळी माती बनली, आणि चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगाने तिला तो रंग आला. पावसात ती फुगते, लोण्यासारखी मऊ होऊन पायाला चिकटते, आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे पाऊस सरल्यावरही रब्बीची ज्वारी तिच्यावर उभी राहू शकते.

पांढरीचा रंग माणसाने घडवलेला असतो. शेकडो वर्षे एकाच जागी चुली पेटल्या, राख पडली, शेण साचले, मातीच्या भिंती पावसात ढासळल्या आणि त्यांच्यावर नव्या भिंती उठल्या की, तेथली माती भुरकट-पांढरी आणि भुसभुशीत होते. शेतकरी अशी माती खत म्हणून शेतात नेतो, धाब्याच्या घरांवर पसरतो. आणि पुरातत्त्वज्ञ नदीकाठच्या काळ्या रानात मधेच उठलेले पांढरीचे टेकाड दिसले की, तेथे जुनी वस्ती असणार हे ओळखतो. नेवासे आणि इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननांतून, त्यांतले इनामगावचे १९६८ पासून १९८३ पर्यंत चालले, महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचे जीवन जे समोर आले ते अशाच वस्तीच्या थरांमधून. तेव्हा काळी आणि पांढरी यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भावच नाही. एकीत पिकते, दुसरीत नांदते. काळ्या-पांढऱ्याच्या जोडीला वाईट-चांगले असा अर्थ चिकटवणाऱ्या आजच्या सवयीपुढे हा जुना वापर ठेवला की, मराठी मनाची मूळ मांडणी किती निराळी होती हे ध्यानात येते, आणि म्हणूनच कोशात ‘काळी’ या नामाला विशेषणाच्या पोटात न घालता स्वतंत्र नोंदीचा मान मिळाला पाहिजे.

याच खडकातून शब्दाची दुसरी प्रतिष्ठा आली. पाथरवट आणि गवंडी कठीण, घट्ट पोताच्या बेसाल्टला ‘काळवत्री’ दगड म्हणतात. जाते, पाटा-वरवंटा, उंबरठे आणि देवाच्या मूर्ती यांसाठी तो निवडला जाई, कारण तो झिजत नाही. त्याच्यावर ओढलेली रेघ सहजासहजी पुसली जात नाही, म्हणून पक्क्या शब्दाला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतात, आणि येथे काळेपणाचा अर्थ अढळपणा असा होतो. अंबरनाथचे शिवमंदिर या दगडातले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ देणारा तेथील शिलालेख उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मामवाणी राजाचे नाव सांगतो. भूमिज शैलीचे, म्हणजे शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी रचलेले हे देऊळ नऊशेहून अधिक पावसाळे खाऊनही बाह्यभिंतींवरची शिल्पे वागवीत उभे आहे. पावसात भिजले की त्याचा दगड जवळजवळ शाईसारखा दिसतो आणि उन्हात करडा होतो. परंतु परिसरातला माणूस दोन्ही ऋतूंत त्याला काळ्या दगडाचे देऊळ असेच म्हणतो, कारण येथे ‘काळा’ हा शब्द छटेपेक्षा जात सांगतो.

मूर्तींच्या बाबतीतही असेच आहे. नाशिकला काळाराम आणि गोराराम अशी दोन देवळे आहेत, आणि ही नावे मूर्तींच्या दगडावरून पडली. काळ्या मूर्तीचा राम भक्तांना उणा वाटला नाही. उलट त्याचेच देऊळ मोठे, मानाचे ठरले. याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि काळ्या पाषाणाला हात जोडणाऱ्यांनी माणसांना मात्र दार बंद ठेवले, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये. शब्दाच्या अभ्यासात या घटनेचे स्थान आहे ते अशासाठी की, काळेपणाबद्दलचा आदर देवापाशी अखंड असताना तो माणसापर्यंत पोचतोच असे नाही, हे तिने उघड केले. तो मुद्दा पुढे त्वचेच्या रंगाच्या संदर्भात पुन्हा येईल.

‘काळा’ या विशेषणाचा एक व्याकरणविशेष असा की, त्याच्यामागचे नाम गळून पडले तरी लिंग शिल्लक राहते आणि त्या लिंगावरून जाणकाराला नाम कळते. जमिनीच्या संदर्भात स्त्रीलिंगी ‘काळी’ म्हणजे माती. गायकाच्या तोंडी तीच ‘काळी’ म्हणजे हार्मोनियमची पट्टी. सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांना क्रमांक देऊन ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे स्वर सांगण्याची रीत मराठी बैठकींत आणि भजनी मंडळांत इतकी मुरलेली आहे की, साथीला बसणारा पेटीवाला गायकाला पहिला प्रश्न पट्टीचाच करतो आणि ‘काळी चार’ एवढ्या दोन शब्दांत त्याला षड्ज कोठे धरायचा ते समजते. नपुंसकलिंगी ‘काळे’चे क्षेत्र वेगळे. ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणजे लिहिणे, येथे कागद आणि अक्षर ही दोन्ही नामे लपलेली आहेत. ‘काळ्याचे पांढरे झाले’ म्हणजे वय झाले, येथे केस लपलेले आहेत. आणि ‘तोंडाला काळे फासले’ यात काजळी वा शाई लपलेली आहे. पहिले विद्येचे, दुसरे अनुभवाचे, तिसरे नामुष्कीचे. आणि तिघांतही शब्द अक्षराने बदललेला नाही.

या तिसऱ्या वापरापाशी पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन एका वस्तूवर तपासून पाहता येते, आणि ती वस्तू म्हणजे काजळ. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावून त्यावर तांब्याची वाटी उपडी धरायची, ज्योतीची काजळी तिच्या पोटाला धरली की ती खरवडून तुपात खलायची आणि डबीत भरून ठेवायची, ही घरोघरची कृती होती. त्या डबीतले बोट डोळ्यात फिरले की ते सौंदर्य, आणि मुलाच्या गालावर, कपाळाच्या कडेला किंवा तळपायाला टेकले की ती तीट. तीट लावण्यामागची समजूत अशी की, निर्दोष गोष्टीवर नजर लागते, म्हणून तिच्यात आपणच एक लहानसे उणे करून ठेवावे. त्यावरून ‘गालबोट’ हा शब्द पुढे शुभकार्यातल्या विघ्नाला लागला, हा अर्थाचा उलटा प्रवास मोठा लक्षणीय आहे. तीच काजळी मोठ्या माणसाच्या तोंडाला भर चौकात फासली की ती धिंड. पदार्थ एक, रंग एक. डोळ्याच्या कडेला तो शोभा देतो, गालावर रक्षण करतो आणि तोंडभर पसरला की अब्रू घेतो. कंदिलाच्या काचेवर तो धरला तर त्याला नुसती ‘काजळी’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी राखेने ती पुसतात.

रक्षणाचा हा अर्थ स्त्रियांच्या आणि मुलांच्या अलंकारांत विशेष उतरला आहे. मंगळसूत्रात सोन्याच्या वाट्यांचे मोल कितीही असो, त्याला मंगळसूत्रपण येते ते काळ्या मण्यांच्या पोतीमुळे, आणि म्हणून ऐपत नसलेल्या घरात नुसत्या काळ्या मण्यांवर भागते, पण मण्यांवाचून नुसत्या सोन्यावर भागत नाही. तुटणे हा शब्द त्यांच्यासाठी उच्चारत नाहीत, मणी ‘वाढले’ असे म्हणतात. तान्ह्या मुलाच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि कमरेला काळा करगोटा बांधला जातो. एरवी लग्नमुंजीत वर्ज्य असलेले काळे वस्त्र संक्रांतीला मात्र मुद्दाम घालतात, नव्या सुनेला चंद्रकळा आणि बोरन्हाणाच्या मुलाला काळे झबले. ऐन थंडीत गडद कापड ऊब देते हे त्याचे कारण सांगितले जाते, आणि हलव्याचे पांढरे दागिने काळ्यावर खुलून दिसतात हेही तितकेच खरे आहे. जागेबरोबर वेळही शब्दाचा अर्थ फिरवते, हे या एका सणावरून कळते.

रंगाच्या तीव्रतेसाठी मराठीने जोडशब्द घडवले आणि त्यांत भावनेची वाटणीही करून टाकली. ‘काळाभोर’ हा शब्द डोळे, केस, घोडा, पावसाचा ढग यांना लागतो आणि त्यात कौतुक असते. ‘काळाकुट्ट’ अंधाराला आणि विहिरीच्या तळाला लागतो आणि त्यात धास्ती असते. ‘काळाकभिन्न’ कातळाला वा धिप्पाड देहाला लागतो आणि त्यात दरारा असतो. ‘काळेभोर डोळे’ म्हणणारा माणूस ‘काळेकुट्ट डोळे’ म्हणणार नाही, आणि परभाषकाला मराठी शिकवताना हा भेद नियमाने सांगता येत नाही, उदाहरणांनीच मुरवावा लागतो. उतरत्या बाजूला ‘काळसर’ आणि ‘काळपट’ आहेत. पैकी ‘काळसर’ तटस्थ, तर ‘काळपट’मध्ये मूळचा उजळपणा गेल्याची खंत आहे. ‘काळवंडणे’ या क्रियापदात ती खंत पुरती उमटते, कारण उन्हाने, आजाराने किंवा दुःखाने चेहरा काळवंडतो, जन्मतः काळा असलेला चेहरा काळवंडलेला नसतो.

निंदेच्या अर्थांचे दोन थर वेगळे करणे अवश्य आहे. पहिला थर जुना आणि देशी: तोंड काळे करणे, काळिमा लागणे, काळेबेरे असणे, कुळाला डाग लागणे. या सर्वांमागे स्वच्छ पृष्ठभागावर पडलेला डाग ही एकच कल्पना आहे, म्हणजे जागेचेच तत्त्व. दुसरा थर इंग्रजी अंमलात, वृत्तपत्रांच्या आणि कचेऱ्यांच्या भाषेतून आला. काळी यादी, काळा बाजार, काळा पैसा, काळा कायदा हे शब्द त्या काळात घडले आणि त्यांत डागाची कल्पना नाही, केवळ बेकायदा किंवा अन्याय्य एवढाच शिक्का आहे. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईत उतरले तेव्हा काळे झेंडे फडकले आणि निषेधाचा रंग म्हणून काळा पक्का झाला; १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि सीमाभागातील मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून तेथील मराठी माणसे दरवर्षी तो दिवस ‘काळा दिन’ म्हणून पाळतात, आणि त्यांच्या बाबतीत हा शब्द एका न मिटलेल्या दुःखाचे नाव झाला आहे. ध्यानात घेण्यासारखे असे की, इंग्रजीत जेथे हा रंगशब्द निव्वळ वर्णन करतो तेथे मराठीने तो बहुधा घेतला नाही: दुधाविना चहाला मराठीत कोरा चहा म्हणतात, इंग्रजीत ‘ब्लॅक’ म्हटल्या जाणाऱ्या मिठाला पादेलोण, आणि १९८७ च्या शालेय साधनांच्या केंद्रीय योजनेचे नाव मराठीत ‘खडू-फळा’ असे रंगावाचून झाले. वर्णनाची गरज आपली आपण भागवली गेली. उसना आला तो मुख्यतः दोषारोप. ‘काळा’ची आजची बदनामी पुष्कळशी या दुसऱ्या थराची देन आहे, असे या पुस्तकाचे मत आहे.

सर्वांत कठीण प्रकरण त्वचेचे. विवाहाच्या जाहिरातींनी गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा अशी उतरंड रचली, आणि तिच्यात ‘काळा’ हा शब्द बहुधा येतच नाही, कारण तो लिहिण्याचे धैर्य कोणी करीत नाही. ‘सावळा’ हा एरवी स्वतंत्र, गोड छटेचा शब्द. पण काळी मुलगी सांगताना तो पडदा म्हणून वापरला जातो, तेव्हा त्याचीही किंमत उतरते. ‘रंगाने दबकी’ हा प्रयोग तर माणसाला आपल्या रंगाखाली वाकायला लावणारा आहे. जागेचे जे तत्त्व येथवर शब्दाचा उलगडा करीत आले, ते लावून पाहिले तर त्वचेचा काळा रंग हा कोणत्याही अर्थाने डाग ठरू शकत नाही; तो बाहेरून लागलेला नसतो, तो काळ्या मातीइतकाच आपल्या जागी असतो. म्हणून ‘काळीबेंद्री’सारख्या शिव्यांची नोंद कोशाने जरूर ठेवावी, पण ती ‘निंदाव्यंजक’ हा शेरा देऊनच. आणि ज्या भाषेने आपल्या लाडक्या देवाला शतकानुशतके काळा म्हणून आळवले, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी लेकीच्या रंगापुढे आवाज खाली घ्यावा, ही विसंगती विद्यार्थ्यांसमोर स्पष्ट शब्दांत मांडली जावी.

या पुस्तकातील प्रयोगांसाठी अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर हा पट्टा, आणि त्यात बुवापाड्यासारखी वस्ती, समोर ठेवण्यामागे कारण आहे. ‘पाडा’ म्हणजे मुख्य गावापासून सुटी असलेली लहान वस्ती, ठाणे जिल्ह्याच्या गावनावांत सर्रास भेटणारा शब्द. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे औद्योगिक वसाहत यांच्यामुळे या भागात देशावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून कुटुंबे येत राहिली, आणि १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाल्यापासून सिंधी भाषाही शेजारी नांदते. त्यामुळे एकाच गल्लीत काळ्याची अनेक घराणी एकत्र येतात: खानदेशी घरात सुके खोबरे आणि कांदा करपेपर्यंत भाजून केलेला काळा मसाला, मालवणी घरात काळ्या वाटाण्याचे सांबार, देशावरच्या म्हाताऱ्याच्या तोंडी ‘आमची काळी’, आणि सिंधी दुकानदाराचा ‘कारो’. मूळच्या आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, डोळ्याचा ‘डोला’ होतो, तसा काळ्याचा ‘काला’. प्रमाण मराठीत ‘काला’ म्हणजे दहीहंडीचा गोपाळकाला, तर आगरी घरात प्रसंग पाहून दोन्ही. माळशेजच्या परिसरातून मुरबाडमार्गे येऊन उल्हास नदीला मिळणारी काळू नदीही याच मुलखातली.

पाण्याच्या बाबतीत येथे शब्दाने अलीकडे एक नवा आणि दुःखद अर्थ धारण केला आहे. शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या आणि कापडरंगाईच्या सांडपाण्याने कधी निळी, कधी तांबडी आणि बहुतेक वेळा काळी दिसते. ‘काळे पाणी’ म्हणजे पूर्वी समुद्र आणि अंदमानची जन्मठेप. येथील मुलांना मात्र काळे पाणी म्हणजे पुलाखालचे पाणी एवढेच ठाऊक आहे. डोहाचे काळे पाणी खोलीमुळे काळे असते आणि ओंजळीत घेतले की स्वच्छ निघते. हे ओंजळीतही काळेच राहते. शब्द तोच ठेवून वस्तू बदलली की भाषेच्या अभ्यासकाने ते नोंदवायचे असते, आणि नगरपालिकेने पाणी सुधारायचे असते.

त्याच पट्ट्यात, उन्हाळ्याच्या दिवसांत, मलंगगडाच्या आणि बदलापूरच्या डोंगरउतारांवरून आदिवासी बाया करवंदे घेऊन स्टेशनबाहेर बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही या फळाची हाक महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आणि विक्रीसाठी माल वाखाणताना रंगाचाच उल्लेख पुढे केला जातो, कारण येथे काळे म्हणजे पिकलेले. हिरवे करवंद लोणच्याचे, तांबूस अर्धे कच्चे, देठाशी पांढरा चीक असलेले. पुरते काळे झाले की ते गोड. मुले ते दाताने फोडून आत पाहतात आणि तांबडे निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी असे खेळतात. जमीन पिकवते म्हणून काळी, फळ पिकते म्हणून काळे. परिपक्वतेचा हा अर्थ आजवरच्या कोशांत कोठे स्वतंत्रपणे मांडलेला दिसत नाही, आणि तो मांडावा अशी या पुस्तकाची आग्रहाची शिफारस आहे.

पुढील प्रकरणांची रचना वर्णानुक्रमे न करता जागांच्या क्रमाने केली आहे. माती, दगड आणि धान्य आधी, शरीर आणि अलंकार त्यानंतर, देव आणि सण पुढे, आणि कायदा, पैसा, राजकारण हे त्यानंतर. दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचा आधार जेथे घेतला आहे तेथे अर्थांचा क्रम मात्र या पुस्तकाचा आहे. स्थलनामांसाठी शेवटी एक छोटे प्रकरण आहे, कारण नाव वस्तूला सोडूनही जगते: मुंबईतला सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या वेशातला, १८७९ सालचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला तरी तो चौक ‘काळा घोडा’च राहिला, आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना नवा घोडा उभा करावा लागला. बोलीभाषांतील रूपे ‘काला’, ‘काळं’, ‘काळो’ अशी, बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणेच छापली असून, प्रमाण लेखनाच्या नियमांत ती बसवलेली नाहीत.